याकोबअण्णांची नोरेला

दोन तासांचा सिनेमा बघायला माणसाला किती वेळ लागावा? आमच्या याकोबअण्णांना अख्खा उन्हाळा लागला. बरं, सिनेमा इंग्रजी, जादूचा, उडणाऱ्या अजगराचा. बघणारा माणूस सत्तरी उलटलेला. आणि ज्या टीव्हीवर बघितला तो टीव्ही माझा. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

याकोबअण्णा रणभिसे जयनगरच्या आमच्या इमारतीत बरोब्बर माझ्या खालच्या घरात राहतात. मूळचे बेळगावकडचे मराठी ख्रिस्ती. मीही बेळगावचीच. लग्न होऊन बेंगळुरूला आले, बँकेत नोकरी केली आणि इथलीच होऊन गेले. जिन्यात भेटले की ते म्हणतात, "जय ख्रिस्त, अक्का." मी म्हणते, "नमस्कार, अण्णा." माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणतात. या गावात भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळेच म्हणतात, त्यामुळे मी त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं आहे.

अण्णांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. यंत्राचा तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापं लावायची आणि 'पास' नाहीतर 'नापास' म्हणायचं. निवृत्त होऊन जमाना झाला, पण जिभेवरचा शिक्का काही पुसला नाही. माझा उपमा खाल्ला की म्हणतात, "पास. मीठ स्वल्प कमी." एकदा मी पडद्यांचं कापड घ्यायला चिकपेटच्या बाजारात निघाले तर अण्णा म्हणाले मीही येतो, मला कापडातलं कळतं. झालं! दुकानातला एकेक तागा उजेडाकडे धरून वीत वीत बघत बसले. मागे गिऱ्हाईकांची रांग. दुकानदार आधी "सरी सार, सरी सार" म्हणत मान डोलावत होता, मग हात जोडून उभा राहिला. शेवटी अण्णांनी सगळं कापड नापास केलं आणि मी अख्खा उन्हाळा जुन्या पडद्यांवर काढला.

रविवारी चर्च सुटलं की पाळकसाहेब दाराशी उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात. अण्णा त्यांचा हात हातात घेऊन सांगतात, "आजचा उपदेश पास. शेवटी जरा हलत होता." पाळकसाहेब बिचारे तरुण आहेत. हल्ली म्हणे उपदेशाचा शेवट आला की त्यांची नजर आपोआप अण्णांकडे जाते.

दुसरी खोड म्हणजे धडा. दूध उतू जाऊ दे, रिक्षावाला जास्त मागू दे, वीज जाऊ दे, अण्णांचा एकच प्रश्न, "धडा काय?" एकदा माझ्या मिक्सरचं झाकण उडालं आणि डोशाचं पीठ छतापर्यंत गेलं. आवाज ऐकून अण्णा धापा टाकत वर आले. मी पिठानं माखलेली, भिंती पिठानं माखलेल्या. त्यांनी सगळीकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "धडा काय, अक्का?" मी म्हटलं, "झाकण लावावं!" माणूस इतका खूश झाला की विचारू नका. पुढच्या रविवारी त्यांनी प्रार्थनासभेत झाकण या विषयावर मंडळींना चांगला अर्धा तास बसवून ठेवलं.

अशा माणसानं आयुष्यात सिनेमा बघितला नव्हता. ते ज्या मिशनच्या आवारात वाढले तिथे सिनेमा म्हणजे घसरगुंडी समजत. एकदा बसलात की तळाशीच. पुढे कुणी मना करणारं राहिलं नाही, पण यांची सवय राहिली. घरात टीव्हीसुद्धा नाही. मग या माणसाच्या आयुष्यात अजगर शिरला कुठून? तर सारामुळे.

सारा ही अण्णांची नात, मुलीची मुलगी. चौदा वर्षांची. अण्णांची बायको मागेच गेलेली, एकुलती एक लेक आजारी पडली तेव्हा तिला आणि साराला त्यांनी इथेच आणलं. लेक वाचली नाही. जावई मस्कतला नोकरीला असतो, तिथे मुलीला कोण बघणार म्हणून सारा आजोबांकडेच राहिली. आई असताना ही पोरगी रविवारी आजोबांचा हात धरून चर्चला जायची, सभेत गाणी म्हणायची, गळा गोड. आई गेली आणि काही महिन्यांनी एका रविवारी ती म्हणाली, मी येत नाही. आज येत नाही म्हणाली नाही. मी येत नाही म्हणाली. तेव्हापासून गेली नाही.

अण्णा माझ्याकडे येऊन बसले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, "अहो, वय आहे तिचं. देव काय पळून जातोय का?"

"देवाची काळजी न्हाई हो, अक्का," ते म्हणाले. "तो समर्थ हाय. पण मला तिच्याशी दुसरं काय बोलायचं तेच ठाऊक न्हाई. रात्री जेवताना शास्त्रातली गोष्ट सांगायची, तिनं प्रश्न विचारायचे, एवढंच आमचं बोलणं. आता ती जेवते आणि फोनमध्ये बघते. मी आमटी वाढू का विचारतो. ती नको म्हणते. झालं आमचं बोलणं."

फोनमध्ये ती काय बघते? तर एकच सिनेमा, पुन्हा पुन्हा. त्यात एक अजगर आहे एवढं अण्णांनी चोरून बघितलं होतं. मग जरा घुटमळून ते म्हणाले, "अक्का, दुपारी तुमचा टीव्ही मोकळा असतो?"

दुपारी माझी मालिका असते. पण अण्णांचं तोंड बघून मी म्हटलं, असतो की.

माझं चुकलं ते पुढेच. मी रिमोट त्यांच्या हातात दिला.

पहिल्या दिवशी सिनेमा सुरू झाला. धुकं, डोंगर, एक मुलगी गेट उघडून बाहेर येते. अण्णांनी थांबवला. "स्वल्प थांबा. इथे हाय." मी म्हटलं, "काय आहे?" म्हणाले, "तिनं गेट लावलं न्हाई." मग गेट, मेंढरं आणि माणसाचं मन यावर त्यांनी जे सुरू केलं ते चहा होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी गेटपासून विहिरीपर्यंत. तिसऱ्या दिवशी विहिरीवरच. आमच्या ह्यांनी सोफ्यावर पडल्या पडल्या विचारलं, "अण्णा, शेवटी काय होतं हो?" अण्णा म्हणाले, "आपण तिथवर पोचलो न्हाई." हे कूस बदलून झोपले.

गोष्ट तशी साधी आहे. नोरेला नावाची मुलगी, तिच्या आईला धुक्यानं गिळलंय. आईला शोधायला पोर निघते आणि डोंगराच्या पोटात एका अंधाऱ्या भुयारात अडकते. तिच्या मदतीला एक म्हातारा अजगर येतो. मधे एक दुष्ट राजा असतो, त्याची मेजवानी असते, लढाई वगैरे असते. अण्णांनी सगळ्यात धडे शोधले. एकही प्रसंग नापास झाला नाही. त्या दुष्ट राजाच्या मेजवानीत छत कोसळतं आणि सगळे पळतात. मी म्हटलं, "यात काय धडा असणार?" अण्णा म्हणाले, "जेवणाआधी प्रार्थना केली न्हाई."

खरं संकट आलं ते अजगराचं. शास्त्रात अजगर म्हणजे सैतान, हे अण्णांना लहानपणापासून पक्कं ठाऊक. आणि हा अजगर तर मुलीला पाठीवर बसवून नेतो, तिच्यासाठी स्वतःचा पंख जाळून घेतो. आता याला पास करायचं कसं? अण्णा त्या दिवशी चहा न घेता खाली गेले आणि पुढे कितीतरी दिवस आलेच नाहीत. माझी मालिका बघून झाली. मला वाटलं, सुटले. एका दुपारी बेल वाजली. दारात अण्णा, चेहरा उजळलेला.

"अक्का, तो अजगर न्हाई. करूब हाय."

"करूब म्हणजे काय?"

"स्वर्गातला पंखवाला पहारेकरी. मी साराच्या मागे उभा राहून नीट बघितलं. त्याची जीभ दुभंगलेली न्हाई."

"अण्णा, त्याच्या नाकातून धूर येतो."

"धूर वेगळा, जीभ वेगळी," असं म्हणून ते रिमोट शोधायला लागले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मग तो घंटेचा प्रसंग आला. भुयारात नोरेलाजवळ आईची एक छोटी घंटा असते. त्या घंटेची गंमत अशी की वाजवणाऱ्याला तिचा आवाज ऐकूच येत नाही. दूर डोंगरापलीकडे अजगराला मात्र येतो. पोरीला हे ठाऊक नसतं. ती काळोखात घंटा हलवते, काही ऐकू येत नाही, रडते, पुन्हा हलवते. अण्णांनी रिमोटला हात लावला नाही. सगळा प्रसंग एकदम बघितला, मग मागे नेऊन पुन्हा बघितला. मी धडा ऐकायच्या तयारीनं बसले होते.

"हे खरं हाय, अक्का," एवढंच म्हणाले. "आपण वाजवत राहायचं. ऐकणारा दुसरा असतो."

खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. मी काही ख्रिस्ती नाही, देवधर्मही माझा सणापुरता. पण इतकी साधी गोष्ट इतक्या साधेपणानं मला कुणी सांगितली नव्हती. मी म्हटलं, "हे साराला सांगा. बाकीचं गेट आणि मेजवानी राहू द्या, एवढंच सांगा."

माझा सल्ला. घ्या आता!

त्याच संध्याकाळी मी होळग्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, केल्या होत्या, म्हणून त्यांच्याकडे डबा घेऊन गेले. दोघं जेवायला बसले होते. अण्णांनी मला बसायला सांगितलं, घसा साफ केला आणि साराला म्हणाले, "तुझा तो सिनेमा मी बघितला."

साराच्या हातातला घास तसाच राहिला. "कुठला सिनेमा?"

"नोरेलाचा. फार चांगला हाय. पास."

पोरगी हसली. खरंच हसली हो, मी डोळ्यांनी बघितलं. "आजोबा, तुम्ही? कुठे बघितला? अजगर आवडला?" आणि अण्णा सुखावून गेले, आणि सुखावलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. अजगर नव्हे करूब, इथपासून सुरू झाले. मग गेट. मग मेजवानी. साराचं हसू हळूहळू विरत गेलं. ती म्हणाली, "आजोबा, प्लीज. सिनेमा बघायचा असतो. कांद्यासारखा सोलायचा नसतो."

तरी अण्णा थांबले नाहीत. घंटेवर आले. वाजवत राहायचं, ऐकणारा दुसरा असतो, असं म्हणाले.

सारानं ताट पुढे सरकवलं. आवाज चढवला नाही. "मीपण वाजवली ना, आजोबा. आईच्या वेळी. रोज हॉस्पिटलच्या जिन्यात बसून वाजवली. तुम्ही सांगितलं तशीच. कोण आलं?"

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. माझ्या मांडीवर होळग्यांचा डबा, मला कुठे बघावं कळेना.

"मला ठाऊक न्हाई, बाळ," ते म्हणाले.

"आणि त्या सभेत माझं नाव घेणं बंद करा. दर रविवारी सारासाठी प्रार्थना, सारासाठी प्रार्थना. सगळ्या आज्या जिन्यात भेटल्या की माझ्याकडे बघून मान हलवतात. मी काय पेशंट आहे? प्रॉमिस करा."

अण्णांनी वचन दिलं. ती आत गेली, दार लावलं. मी डबा ओट्यावर ठेवून निघून आले.

आता ही सभा काय असते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. गावातली पाच-सहा मराठी ख्रिस्ती घरं रविवारी दुपारी आळीपाळीनं एकमेकांकडे जमतात. सगळी मंडळी उताराला लागलेली, बायका जास्त. गाणी होतात, शास्त्र वाचतात आणि शेवटी ज्याला ज्याची काळजी असेल तो त्या माणसाचं नाव सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी ते नाव आठवडाभरासाठी आपल्या अंगावर घेतं. त्याला हे लोक ओझं घेणं म्हणतात. घेतलेलं ओझं रोज उचलायचं, म्हणजे रोज त्या नावानं प्रार्थना करायची. साराचं नाव वर्षभर पवित्राबाईंनी उचललं होतं. पवित्राबाई मल्लेश्वरमला राहतात, मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होत्या. ऐंशीच्या घरात आल्या, पण अजून मेट्रोनं एकट्या येतात आणि वाटेत दोन-चार जणांना शिस्त लावतात.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक दिवस मी भाजी घेऊन येत होते तर इमारतीच्या फाटकात पवित्राबाई उभ्या. माझा दंड धरून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "नोरेलाला आता कसं हाय हो?"

मी म्हटलं, "कोण?"

"नोरेला. नावावरून मंगळूरकडची वाटते. अण्णांच्या ओळखीतली. आई गेलीय, पोर अंधाऱ्या ठिकाणी अडकलीय, आवाज बाहेर पोचत न्हाई. अण्णांनी रविवारी नाव दिलं ना. मी ओझं घेतलंय. शुक्रवारचा उपास धरलाय."

माझ्या हातातली पिशवी सुटली. टोमॅटो फाटकाबाहेर गेले.

वर जाऊन पिशवीही न ठेवता मी अण्णांचं दार वाजवलं. शाळा सुरू झाली होती, सारा घरी नव्हती. "अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही सिनेमातल्या पोरीसाठी लोकांना उपास करायला लावलेत?"

अण्णा खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "माझी पाळी आली. पवित्राबाई म्हणाल्या, सारा ना? ओठावर आलेलं नाव मी गिळलं. वचन दिलंय पोरीला. पण एवढी वर्षं ज्या पोरीसाठी मागत आलो तिच्यासाठी एक रविवार गप्प बसायचं? मला जमंना, अक्का. मनात तीच होती. तोंडातून नोरेला आलं."

"मग सांगून टाका, ही सिनेमातली आहे म्हणून."

"मग विचारतील, सिनेमातल्या पोरीसाठी कशाला मागितलं? मग सारा येतंय की त्यात. वचन मोडतंय. आणि पोरीला कळलं तर उरलंसुरलं बोलणंही जाईल."

हा पेच होता. आणि तो दिवसेंदिवस फुगत चालला, कारण पवित्राबाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकलं. ग्रुपमधून बेळगावला गेलं, बेळगावहून हुबळीला, तिथून मिरजेला. अण्णांच्या फोनची घंटी दिवसभर वाजायला लागली. मिरजेच्या कुणी निवृत्त नर्सनं विचारलं, मुलगी कुठल्या वॉर्डात आहे. हुबळीच्या एका महिला मंडळानं साखळी प्रार्थना लावली, तासातासाला एकेक बाई. कोल्हापूरहून एका काकांनी कळवलं, अंधाऱ्या जागेत दमा होतो, ओवा तव्यावर भाजून कापडात बांधून हुंगायला द्या. अण्णा सगळ्यांना एकच उत्तर पाठवत, 'प्रार्थना चालू ठेवा.' मी म्हटलं, "अहो, आता कमी करा, वाढवू नका." ते म्हणाले, "खोटं काय लिहू?"

मला हसू येत होतं, नाही असं नाही. पण पवित्राबाईंना शुगर आहे. दुसऱ्या शुक्रवारी उपासात त्यांना चक्कर आली, शेजाऱ्यांनी सरबत पाजून बसतं केलं. त्यांनी अण्णांना फोन करून सांगितलं, काळजी नको, पोर सुटेपर्यंत मी उपास सोडत न्हाई.

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. "रविवारी सभा माझ्याकडं हाय," ते म्हणाले. "सांगून टाकतो. तुम्ही येता, अक्का? मला जरा धीर येईल."

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा अशा सभेला गेले, जाताना चिवड्याचा डबा नेला. खोलीत सतरंज्या घातल्या होत्या, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. साराच्या खोलीचं दार बंद. ती सभेच्या दिवशी कानात ते काय घालतात ते घालून आत बसते. गाणं झालं, वाचन झालं. अण्णांचं लक्ष कशातच नव्हतं, एकदा पुस्तक उलटं धरलेलं मी सरळ करून दिलं. नावं द्यायची वेळ आली. अण्णा उठायला गेले तर पवित्राबाईंनी हातानं बसवलं. "आधी नोरेला," म्हणाल्या आणि डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली.

मेट्रनबाईंचा आवाज, तो काय बंद दाराला ऐकतो? "हे प्रभू, आमची पोर नोरेला अंधारात बसलीय. तिला वाटतंय, तिचं कुणी ऐकत न्हाई. तिला रागवू नको. आई गेलेल्या पोरीवर रागवायचं नसतं. तिला दोन घास जेवू दे. तिला झोप लागू दे. आणि आमच्यापैकी कुणी तिच्याजवळ बसलेलं तिला चालत असेल, तर तेवढं आम्हाला कळव."

दार उघडलं. सारा उभी होती. एका कानातलं ते यंत्र काढून हातात धरलेलं.

"नोरेला?" ती म्हणाली. "तुम्हाला नोरेला कशी माहिती?"

पवित्राबाईंनी डोळे उघडले. "तू ओळखतेस तिला? तुझ्या शाळेतली का?"

सारानं आजोबांकडे बघितलं. अण्णा उठून उभे राहिले.

"पवित्राबाई, मंडळी, मला क्षमा करा," ते म्हणाले. "नोरेला सिनेमातली हाय. अशी मुलगी कुठल्या दवाखान्यात न्हाई. तुम्ही उपाशी राहिलात, तो दोष माझा. पण मी मागितलं ते खोटं न्हाई. आई गेलेली एक पोर हाय, खरी हाय. तिचं नाव घेणार न्हाई असा शब्द मी दिलाय, म्हणून आताही घेत न्हाई."

खोलीत बारा-चौदा माणसं होती. बहुतेक सगळ्यांनी साराला तिची आई असल्यापासून बघितलेलं. एकानंही तिच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी सतरंजीकडे बघितलं. कुणी मान हलवली नाही. मला त्या वेळी त्या म्हाताऱ्या मंडळींविषयी जी माया वाटली ती मी कशी सांगू?

पवित्राबाई म्हणाल्या, "म्हणजे पोर हाय ना? मग झालं. माझा उपास फुकट न्हाई गेला."

सारा दारातच होती. खालचा ओठ दाताखाली धरलेला, अगदी तिच्या आईसारखा. "आजोबा," ती म्हणाली, "शेवटी नोरेलाची आई परत येत नाही. तुम्ही शेवट बघितला का?"

"बघितला," अण्णा म्हणाले. "अक्का चहा करत होत्या तेव्हा."

"मग त्यातला धडा काय?"

"मी पुष्कळ शोधला, बाळ. त्यात काही न्हाई सापडलं मला. मी नुसता रडलो. माझीपण लेक होती ती."

हे ते पहिल्यांदा बोलले. लेक गेल्यापासून आमच्यासमोर कधीच नाही. 'प्रभूमध्ये झोपी गेली' असं म्हणायचे आणि विषय बदलायचे. आता सगळ्यांसमोर म्हणाले.

सारानं दुसऱ्या कानातलं यंत्रही काढलं. मग म्हणाली, "माझं नाव नको."

"न्हाई, न्हाई," अण्णा घाईघाईनं म्हणाले.

"पण नोरेलासाठी करत जा. ते चालेल मला."

अण्णांनी मान डोलावली. पवित्राबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि दम दिल्यासारखं म्हणाल्या, "चला, अण्णा, आता तुम्ही करा. माझं आधीच झालंय." अण्णा खाली बसले, डोळे मिटले. सारा येऊन त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसली. तिनं डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत, नुसते गुडघे पोटाशी घेऊन बसली. अण्णा एरवी प्रार्थनेला लागले की अर्धा तास हलत नाहीत. त्या दिवशी "हे प्रभू, नोरेला" म्हणाले, थांबले आणि हळूच एक डोळा उघडून बाजूला बघितलं, ती उठून गेली नाही ना म्हणून. ती तिथेच बसली होती.